धडधडीला लगाम

‘अगं, इतकं टेन्शन घेऊ नकोस!’ हे वाक्य आपल्या घरांमधून दिवसातून किती वेळा ऐकू येत असेल? जिना चढताना धाप लागली, रात्री उशी उंच घेतल्याशिवाय झोप येईना, पाहुणे येणार म्हटले की छातीत धडधड सुरू झाली, की या सगळ्यावर घरातल्यांचे निदान एकच असते, टेन्शन! आणि गंमत अशी की हे निदान पूर्णपणे चुकीचेही नसते. ताणामुळे धडधड वाढते हे खरेच आहे. प्रश्न एवढाच, की ताण हेच मूळ दुखणे आहे, की आतल्या दुखण्याला ताणाची साथ मिळाली आहे?

रायपूरमध्ये मराठी माणूस नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून तो या मुलखात आहे. तात्यापाऱ्यात, ब्राह्मणपाऱ्यात जुनी मराठी घरे आहेत आणि चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात सणसमारंभ उत्साहाने होतात. अशाच एखाद्या घरातली तिशीतली सून डोळ्यांपुढे आणा. चार वर्षांपूर्वी मंगळागौरीच्या रात्री ती फुगडीला सर्वांत पुढे असायची. यंदा दोन फेऱ्यांतच खाली बसली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अशक्तपणा आहे, लोहाच्या गोळ्या घे.’’ नवरा म्हणाला, ‘‘डोक्याला फार त्रास करून घेतेस.’’ तिलाही ते पटले. पुढे केव्हातरी डॉक्टरांनी छातीला नळी लावली, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे ‘इको’ करायला सांगितले आणि कळले की हृदयाची एक झडप आखडली आहे. औषधांच्या चिठ्ठीवर पहिलीच गोळी होती ‘बीटा ब्लॉकर’ जातीची. घरी आल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘अय्या, ही तर आमच्या ह्यांची ब्लडप्रेशरची गोळी! तुला कशाला दिली?’’

काकूंचा प्रश्न रास्त आहे. ज्या गोळीने झडप रुंद होत नाही की गळती बुजत नाही, ती झडपेच्या रोग्याला का द्यावी?

अरुंद दार आणि घाईची पंगत

आपल्या हृदयात चार कप्पे आणि चार झडपा आहेत. फुफ्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात उतरते, त्या दारावरची झडप म्हणजे मायट्रल झडप. निरोगी माणसात हे दार उघडले की चार ते सहा चौरस सेंटिमीटरची वाट मोकळी होते. लहानपणी होणाऱ्या सांधेज्वरामुळे, म्हणजे र्‍हुमॅटिक तापामुळे, या झडपेच्या पाकळ्या जाड होतात, एकमेकींना चिकटतात आणि वाट दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी उरते. आपल्या देशात तरुण स्त्रियांमध्ये हा विकार बराच आढळतो.

आता लग्नाच्या मांडवाची कल्पना करा. जेवणघराचे दार अरुंद आहे. ते थोडा वेळ उघडते, लोक आत जातात, मग बंद होते. दार अरुंद असले तरी पुरेसा वेळ उघडे राहिले तर पंगत भरते. पण कुणी घाईने दार भराभर उघडझाप करू लागले तर? आत पंगत अर्धीच भरेल आणि बाहेर चेंगराचेंगरी होईल.

हृदयाचे नेमके हेच होते. मिनिटाला ६० ठोके पडत असतील तर प्रत्येक ठोक्याला एक सेकंद मिळतो. त्यातला साधारण एकतृतीयांश वेळ हृदय आकुंचन पावते आणि उरलेल्या दोनतृतीयांश वेळात ते भरते. म्हणजे मिनिटातली सुमारे ४० सेकंदे भरण्यासाठी मिळाली. ठोके १२० झाले की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धाच सेकंद येतो. आकुंचनाला लागणारा वेळ फारसा कमी होत नाही, काट बसते ती भरण्याच्या वेळेला. मिनिटातला भरण्याचा एकूण वेळ २५ सेकंदांच्या आसपास येतो. निरोगी झडपेला त्याने काही बिघडत नाही. आखडलेल्या झडपेमागे मात्र रक्त तुंबते, त्याचा दाब फुफ्फुसांत मागे सरकतो आणि माणसाला धाप लागते. फार झाले तर फुफ्फुसांत पाणी भरते आणि रोग्याला रात्री उठून खिडकीशी बसावे लागते.

म्हणून झडपेच्या रोग्याच्या बाबतीत ‘धडधड’ हे नुसते लक्षण राहत नाही, ते दुखणे वाढवणारे कारण होते.

ही घाई कोण करते?

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी आहेत. भीती, राग, वेदना, श्रम यांपैकी काहीही घडले की त्या अ‍ॅड्रेनलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. हृदयापाशी पोहोचलेल्या मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन हे त्याचे भावंड पाझरते. दोघांचा निरोप एकच : पळा किंवा लढा! ठोके वाढतात, आकुंचन जोरदार होते, रक्तदाब चढतो. वाघ समोर आला तर याचा उपयोग आहे. दूध उतू गेले किंवा मुलाचे प्रगतिपुस्तक हातात आले तरी शरीर तोच निरोप धाडते, ही त्यातली अडचण.

झडपेच्या रोगात आणखी एक गोष्ट घडते. पुढे जाणारे रक्त कमी पडले की रक्तवाहिन्यांतले पहारेकरी मेंदूला कळवतात, ‘पुरवठा घटला!’ मेंदू हीच संप्रेरके वाढवून हृदयाला जादा पाळी करायला लावतो. मूत्रपिंडेही रेनिन नावाचे द्रव्य सोडून मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. म्हणजे मनावर काही ताण नसला तरी शरीराच्या हिशेबी ताण चालूच असतो. त्यात ‘मला हृदयरोग आहे’ ही भीती मिसळली की चक्र पूर्ण होते. ठोके वाढतात म्हणून धाप, धाप लागते म्हणून भीती, भीतीमुळे अ‍ॅड्रेनलिन आणि अ‍ॅड्रेनलिनमुळे पुन्हा ठोके. ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणाऱ्याला या चक्राची फक्त एक कडी दिसत असते.

छत्तीसगडमध्ये या चक्राला तेल घालणारी एक खास वस्तू आहे, गुडाखू. तंबाखू आणि गुळाचा हा लेप दातांना चोळण्याची सवय इथे बायकांमध्येही आहे आणि ‘पोट साफ होते’ या नावाखाली ती दिवसातून चार-चार वेळा चालते. तंबाखूतले निकोटिन अ‍ॅड्रेनलिनचा नळ सोडते. एकीकडे ठोके आवरणारी गोळी आणि दुसरीकडे ठोके उधळणारा गुडाखू, असा उद्योग कित्येक घरांत चालतो. डॉक्टर ‘सिगारेट ओढता का?’ असे विचारतात. बाई ‘नाही’ म्हणते आणि ते खरेही असते! गुडाखूचे नाव आपणहून सांगायला हवे.

किल्ली शिरणार नाही असे कुलूप

अ‍ॅड्रेनलिन पेशींवर काम कसे करते, याचा उलगडा रेमंड अ‍ॅलक्विस्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये केला. पेशींवर या संप्रेरकांसाठी दोन तऱ्हांची कुलपे असतात असे त्याने मांडले आणि त्यांना अल्फा आणि बीटा अशी नावे दिली. हृदयाचे ठोके वाढवणारी कुलपे बीटा जातीची. अनेक वर्षे या कल्पनेकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

लक्ष दिले ते जेम्स ब्लॅक या स्कॉटिश डॉक्टराने. त्याच्या वडिलांना मोटार अपघातानंतर हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यू आला होता. ताणामुळे हृदयाचे काय होते, हा विचार त्याच्या मनात रुजायला ती घटनाही कारण झाली. तोवर हृदयशूळाच्या औषधांचा रोख हृदयाला रक्त जास्त कसे मिळेल यावर असे. ब्लॅकने प्रश्न उलटा केला. हृदयाची मागणीच कमी केली तर? बीटा कुलपात बसेल, पण ते उघडणार नाही अशी खोटी किल्ली त्याला हवी होती. ती बसली की अ‍ॅड्रेनलिनची खरी किल्ली आत शिरणार कशी? या खटाटोपातून १९६४ मध्ये प्रोप्रॅनोलॉल हे औषध पुढे आले आणि १९८८ मध्ये ब्लॅकला नोबेल पारितोषिक मिळाले. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल ही सगळी याच घराण्यातली. नावाचे शेपूट ‘लॉल’ दिसले की गोळी बहुधा या कुळातली समजावी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही गोळी संप्रेरके बनू देत नाही, असे नाही. अ‍ॅड्रेनलिन रक्तात येतच राहते. सुरुवातीला तर शरीर ठोके घटलेले पाहून नॉरअ‍ॅड्रेनलिन थोडे जास्तही सोडू शकते. पण कुलपे अडलेली असल्याने त्याचे हृदयापाशी फारसे चालत नाही. मूत्रपिंडांवरही बीटा कुलपे असतात, त्यामुळे रेनिन मात्र खरोखरच घटते. ताणाचे तिसरे संप्रेरक कॉर्टिसॉल, त्याच्याशी या गोळीला फारसे देणेघेणे नाही. म्हणून ‘ही टेन्शनची गोळी आहे’ असे म्हणणे अर्धसत्य ठरते. परीक्षेत हात थरथरणे, छाती धडधडणे यांना ती आवर घालते, मनातली काळजी ती काढून घेत नाही. काहींना मात्र छाती शांत झाली की मनही शांत वाटते, कारण भीतीला खतपाणी घालणारी धडधडच थांबलेली असते.

मायट्रल झडप आखडलेल्या रोग्यांना पूर्वापार डिजॉक्सिन दिले जाते. हे डिजिटॅलिस वनस्पतीच्या कुळातले औषध. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ मध्ये त्या वनस्पतीवर ग्रंथ लिहिला, इतके ते जुने. ठोक्यांचा ताल बिघडून ते अनियमित झाले असतील तर डिजॉक्सिन बसल्याजागी गती आवरते. पण रोगी जिना चढू लागला, भांडण झाले, ताप आला की अ‍ॅड्रेनलिन त्याला जुमानत नाही. बीटा ब्लॉकर नेमका तिथेच, श्रमाच्या आणि ताणाच्या वेळी, कामाला येतो.

एकाला अमृत, दुसऱ्याला विष

आता काकूंकडे वळू. त्यांच्या यजमानांची गोळी आणि या सुनेची गोळी एकच असली, तरी झडपेचे सगळे रोगी एका माळेचे मणी नसतात. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो, कारण ‘तुलाही झडपेचंच आहे ना, मग हीच घे’ असे सांगणारे हितचिंतक आपल्याकडे उदंड आहेत.

मायट्रल झडप आखडली असेल तर मंद ठोके हे वरदान, ते आपण पाहिले. महाधमनीची झडप गळत असेल तर गणित उलटे होते. हृदय विसावा घेते त्या काळात पुढे गेलेले रक्त गळक्या झडपेतून मागे येते. ठोके मंद केले की हा काळ लांबतो आणि गळती वाढते. गळती अचानक आणि जोराची असेल तेव्हा तर वाढलेले ठोके हाच शरीराचा आधार असतो. तो काढून घेणे धोक्याचे.

महाधमनीची झडप आखडली असेल तर पूर्वी डॉक्टर ही गोळी जवळपास निषिद्ध मानत. अरुंद दारातून रक्त रेटणाऱ्या हृदयाचा जोर कमी करायचा कसा, ही त्यांची धास्ती. अलीकडच्या काळात ही भूमिका थोडी सैल झाली आहे. रक्तदाब किंवा दुसरे कारण असेल तर बेताने, लक्ष ठेवून ती दिली जाते. अर्थात हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचाच.

मायट्रल झडप गळत असेल तर? कथा इथे जरा रंजक होते. हृदयाचे स्नायू दुबळे होतात तेव्हा रक्तातले नॉरअ‍ॅड्रेनलिन जितके जास्त, तितके रोग्याचे भवितव्य वाईट, असे १९८४ मध्ये जे. एन. कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. शरीर ज्याला मदत समजून धाडत होते ते संप्रेरक दीर्घकाळात हृदयाला झिजवत होते! त्याआधीच, १९७५ मध्ये, स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुबळ्या हृदयाच्या काही रोग्यांना बीटा ब्लॉकर देण्याचे धाडस केले होते. त्या काळी हे उफराटे वाटले. १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, मृत्यूंचे प्रमाण घटलेले दिसले आणि निषिद्ध औषध मुख्य औषधांत जाऊन बसले. स्नायू दुबळे होऊन, हृदय फुगून झडप गळू लागली असेल तर या गोळीने हृदय सावरते आणि गळतीही कमी होऊ शकते. पण झडपच मुळात खराब असेल तर? अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात अशा ३८ रोग्यांवर दोन वर्षे अभ्यास झाला. २०१२ मध्ये त्याचा निष्कर्ष आला की मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांच्या हृदयाची पंपाची ताकद अधिक चांगली राहिली. आशादायक खरे, पण ३८ म्हणजे एका वर्गातली मुले! एवढ्यावर सरसकट औषध सुरू करता येत नाही.

आणखी एक प्रकार तरुण, सडपातळ मुलींमध्ये दिसतो. मायट्रल झडपेची पाकळी किंचित फुगून मागे झुकते. बहुतेकांना यापासून काही धोका नसतो, पण धडधड, घाबरल्यासारखे होणे, छातीत टोचणे यांनी त्या हैराण होतात. अशा काही रुग्णांमध्ये ताणाच्या संप्रेरकांचे प्रमाण जास्त आढळले आहे. चहा-कॉफी कमी करणे, झोप पुरी करणे, भरपूर पाणी पिणे एवढ्यानेही बऱ्याच जणींना बरे वाटते. नाहीच भागले तर डॉक्टर थोड्या प्रमाणात गोळी देतात.

पाचवा महिना

लेकीसुनांच्या बाबतीत एक वेळ विशेष जपण्याची. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि ठोकेही मिनिटाला १० ते २० ने वाढतात. तोवर गपचूप असलेली आखडलेली झडप पाचव्या-सहाव्या महिन्यात प्रथमच डोके वर काढते. ‘दोन जिवांची आहे, धाप लागणारच’ असे म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. आडवे पडल्यावर धाप वाढणे, रात्री खोकल्याने उठून बसावे लागणे, थुंकीत रक्ताचा अंश येणे, ही दोन जिवांची साधी धाप नव्हे. अशा वेळी मेटोप्रोलॉलसारखी गोळी बाळ आणि आई दोघांचा विचार करून दिली जाते. बाळाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो म्हणून अ‍ॅटेनोलॉल सहसा टाळतात. प्रसूतीच्या कळा म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचा लोंढाच. म्हणून अशा बाईची प्रसूती घरी किंवा छोट्या प्रसूतिगृहात नको, जिथे हृदयरोगतज्ज्ञ हाताशी आहेत तिथेच हवी.

गोळी घेताना

सुरू असलेली गोळी मनाने बंद करणे हा सर्वांत मोठा अपराध. कुलपे बराच काळ अडलेली राहिली की शरीर नवी कुलपे तयार करते. गोळी एकदम थांबली की ही सगळी वाढीव कुलपे अ‍ॅड्रेनलिनला एकाच वेळी मोकळी सापडतात आणि हृदय सुसाट सुटते. दिवाळीला नागपूरला माहेरी गेले, गोळ्या रायपूरलाच राहिल्या, ‘चार दिवसांनी काय होतंय!’ असे म्हणून चालत नाही. बंद करायचीच असेल तर डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

दम्याच्या रोग्याने आपला दमा आधी सांगावा, कारण श्वासनलिकांवरही बीटा कुलपे असतात. मधुमेही व्यक्तीची साखर उतरली की एरवी धडधड आणि थरथर इशारा देतात, ही गोळी तो इशारा दडपते. घाम मात्र सुटतो, तेव्हा घामाकडे लक्ष द्यावे. थकवा, हातपाय गार पडणे, चित्रविचित्र स्वप्ने अशा तक्रारी काहींना होतात. नाडी ५० च्या खाली जाऊ लागली, चक्कर आली तर थांबू नये, लगेच विचारावे. सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या कित्येक गोळ्यांत नाक मोकळे करणारे जे औषध असते तेही अ‍ॅड्रेनलिनच्याच वळणाचे असते. झडपेच्या रोग्याने ती परस्पर घेऊ नये.

आणि आता थोडे कडू. ही गोळी इतके बरे वाटायला लावते की रोगी झडपच विसरतो! धाप थांबली, फुगडी जमली, मग ‘इको’ कशाला, तज्ज्ञांकडे कशाला? झडप आपल्या गतीने आखडत राहते. जपानच्या कान्जी इनोए यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने मांडीतल्या शिरेतून फुगा सरकवून चिकटलेल्या पाकळ्या मोकळ्या करता येतात, छाती उघडावी लागत नाही. पण पाकळ्या दगडासारख्या कडक होण्याआधी ते झाले तर बरे. ती वेळ टळली तर झडप बदलावी लागते. त्यासाठीही परदेशाकडे पाहावे लागतेच असे नाही. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वल्याथन यांच्या पुढाकाराने घडलेली भारतीय झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रोग्याला बसवली गेली. गोळीने वेळ मिळतो, तो वेळ वापरायचा कशासाठी हे घरच्यांनी ठरवायचे असते.

रायपूरकरांना यासाठी आता दूर जावे लागत नाही. १९६३ पासूनचे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले आंबेडकर रुग्णालय, २०१२ मध्ये सुरू झालेले एम्स, त्याच वर्षी नव्या रायपुरात उघडलेले आणि आज मुलांच्या हृदयावर मोफत उपचार करणारे सत्यसाई संजीवनी रुग्णालय, हे सारे एकाच शहराच्या परिसरात आहे. शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरहून सुरू झाला. सांधेज्वरातून होणारा हृदयविकारही त्याच्या यादीत आहे.

कारण मुळात हे सारे सुरू होते ते पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाच्या घशात. घसा दुखून बरा होतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो, मग घोटा. सांधे सुधारतात, पण झडप दुखावलेली राहते. असा ताप एकदा येऊन गेलेल्या मुलाला साधारण दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते, म्हणजे झडपेवर पुन्हा घाव बसत नाही. पेनिसिलिन काही दुर्मिळ औषध नव्हे, पुण्याजवळच्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ मध्येच उभा राहिला. चुकते ती तारीख. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आपण गॅस सिलिंडरची, दुधाच्या खाड्यांची नोंद करतो, तिथेच या एकविसाव्या दिवसाभोवती लाल गोल काढावा आणि इंजेक्शन टोचून आणल्याच्या दिवशीच पुढचा गोलही काढून ठेवावा.